सदर बाजाराचा सर्वांगीण विकास

व्याप्ती

शहराच्या आर्थिक विकासाचे नियोजन हे नगरशासनाचे काम आहे, असे भारतीय राज्यघटनेत लिहिलेले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ तिसऱ्या क्रमांकावर येते, रस्ते व पूल चौथ्या, स्मशाने चौदाव्या आणि गुरांचे कोंडवाडे पंधराव्या. यांतले काय काय नगरपालिकांच्या हाती द्यायचे, ते राज्याने ठरवायचे असते. स्मशाने आणि कोंडवाडे देताना राज्ये सहसा आढेवेढे घेत नाहीत. तिसरा विषय कागदावर दिला जातो. त्याला लागणारा पैसा आणि अधिकार राजधानीतच राहतात. रायपूर स्वतःच छत्तीसगडची राजधानी असल्यामुळे येथे हे अंतर फार तर काही किलोमीटरचे आहे, पण ते अजून कापले गेलेले नाही.

या विषयाच्या अभ्यासाला रायपूरचा सदर बाजार सोयीचा आहे. कोतवाली चौकाकडून सत्ती बाजाराकडे जाणारा हा रस्ता शहराचा जुना सराफा. खाली सोन्याचांदीच्या पेढ्या, वर कारागिरांच्या खोल्या, मध्ये एखादे मंदिर, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे आणि या सगळ्यांसमोर लावलेल्या दुचाक्या, अशी त्याची रचना आहे. एका अंगाला गोल बाजार, दुसऱ्या अंगाला बुढापारा आणि तिथला बुढा तालाब, आणि थोड्या अंतरावर मराठी माणसांची जुनी वस्ती असलेला तात्यापारा. शहराची १८६७ ची नगरपालिका १९६७ साली नगर निगम, म्हणजे महानगरपालिका, झाली. तिचे ७० वॉर्ड आणि १० झोन आहेत. निगमाच्या मुख्यालयाला स्थानिक वर्तमानपत्रे ‘व्हाइट हाउस’ म्हणतात. तिथून होणाऱ्या घोषणांचा आवाका पाहता हे नाव कोणाला खटकत नाही.

उत्पन्नाचे मूळ

नगरशासन बाजाराकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्याचा गल्ला कशाने भरतो यावरून ठरते. एके काळी शहरात येणाऱ्या मालावर जकात लागे. नाक्यावर गाड्या अडत, चिरीमिरी चाले आणि व्यापारी शिव्या घालत. पण बाजारात माल जास्त आला की नगरपालिकेचे उत्पन्नही वाढे. अखंड मध्य प्रदेशाने १९७६ साली जकात उठवली. नाके गेले, गाड्या सुटल्या आणि बाजाराच्या भरभराटीशी नगरपालिकेचा असलेला आर्थिक संबंधही त्यांच्याबरोबर सुटला. त्या बदल्यात राज्याकडून ‘चुंगी क्षतिपूर्ती’ मिळू लागली. ती आजही मिळते. २००० साली मध्य प्रदेशातून जन्मलेले छत्तीसगड राज्य १९७६ साली मेलेल्या कराची भरपाई नियमाने देत आहे, आणि ती कर्मचाऱ्यांच्या पगाराला उपयोगी पडते.

आजचा हिशेब सोपा आहे. सदर बाजारात एक लाख रुपयांचे सोने विकले गेले की त्यावर ३ टक्के, म्हणजे ३,००० रुपये जीएसटी बसतो. त्यातले १,५०० केंद्राच्या नावावर आणि १,५०० राज्याच्या नावावर जमा होतात. ज्या रस्त्यावर ही विक्री झाली, ज्या नाल्यात त्या पेढीचे सांडपाणी गेले आणि ज्या गाडीने तिचा कचरा उचलला, त्यांच्या मालकाच्या वाट्याला या व्यवहारातून थेट काही येत नाही. पुढे अनुदानाच्या रूपाने काही झिरपते, पण ते सदर बाजारात किती विकले गेले यावर अवलंबून नसते.

निगमाचा स्वतःचा मुख्य आधार मालमत्ता कर आहे. तो भाडेमूल्यावर बसतो आणि भाडेमूल्य ठरते जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि परिसर यांवरून. धनत्रयोदशीला पाय ठेवायला जागा नसलेली पेढी आणि वर्षभर माश्या मारणारी पेढी, दोन्ही सारख्याच चौरस फुटांच्या असतील तर निगमाच्या दृष्टीने सारख्याच आहेत. विक्री वाढून निगमाचे काही वाढत नाही. वाढते ते चौरस फूट वाढले तर. म्हणून नगरशासनाच्या परिभाषेत विकास आणि बांधकाम हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येतात. विकासाची पुढील साधने या पायावर उभी आहेत.

पहिले साधन: संकुल

जुना बाजार पाडून त्याच जागी त्याहून उंच बाजार बांधणे, हे विकासाचे सर्वांत मान्य साधन आहे. गाळ्यांचा लिलाव होतो, प्रीमियम मिळतो आणि उद्घाटनाला मुख्यमंत्री येऊ शकतात. मे २०१६ मध्ये रायपूरची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर जवाहर बाजाराचे असे नवे संकुल झाले. गोल बाजारात अधिक नाजूक प्रयोग मांडला गेला. पिढ्यान्‌पिढ्या निगमाचे भाडेकरू असलेल्या दुकानदारांना मालकी हक्क द्यायचा आणि त्यापोटी जागेची किंमत व विकास शुल्क घ्यायचे, असा तो बेत होता. दुकानदारांनी हक्काचे स्वागत केले आणि शुल्काला विरोध केला. विकास हवा पण त्याचे बिल दुसऱ्याच्या नावाने फाडावे, या प्रश्नावर जगभरच्या व्यापाऱ्यांचे एकमत आहे.

सदर बाजाराच्या बाबतीत संकुलाची अडचण अशी की येथील दुकाने बहुतांशी खासगी मालकीची आहेत. निगमाला पाडण्यासारखे फारसे काही नाही.

दुसरे साधन: रुंदीकरण

जे पाडता येत नाही ते रुंद करावे, असा नियम आहे. रुंदीकरणाचे रायपुरी शास्त्र तात्यापाऱ्यात पाहायला मिळते. आमापाऱ्याकडून आलेला जीई रोड तात्यापारा चौकापर्यंत रुंद झाला आणि तिथे थांबला. पुढचा शारदा चौकापर्यंतचा तुकडा जेमतेम अर्धा किलोमीटरचा आहे. त्याने दीड दशकाहून अधिक काळ दोन्ही राजकीय पक्षांना पुरेल इतका मजकूर दिला. सर्वेक्षण झाले, मोजणी झाली, भरपाईचे आकडे निघाले, आकडे जुने झाले म्हणून पुन्हा मोजणी झाली. भरपाई जमिनीच्या दरावर ठरते आणि जमिनीचा दर रुंदीकरणाच्या बातमीने वाढतो. त्यामुळे प्रत्येक घोषणेनंतर काम थोडे अधिक महाग होते. रुंद रस्त्यावरून भरधाव आलेली वाहने अरुंद तोंडाशी येऊन तुंबतात. अर्ध्या रुंदीकरणाचा फायदा इतकाच की उरलेल्या अर्ध्याची निकड रोज सिद्ध होत राहते.

सदर बाजाराला हे साधन लावायचे तर पेढ्यांचे दर्शनी भाग जातील आणि येथे दर्शनी भागातच शोकेस असते. म्हणून येथे रुंदीकरणाऐवजी पांढरे पट्टे मारले जातात. पट्ट्याच्या आत दुचाकी लावावी, असा संकेत आहे. दुचाक्या पट्ट्याच्या आत, बाहेर आणि त्याच्यावरही लावल्या जातात, त्यामुळे पट्टा फार झिजत नाही.

तिसरे साधन: स्थलांतर

बाजार जिथे आहे तिथून उचलून जिथे जागा आहे तिथे नेणे, याला नियोजन म्हणतात. कापडाचा ठोक व्यापार पंडरीला गेला, भाजीचा डूमरतराईला. अवजड मालाच्या बाबतीत हे शहाणपणाचेच आहे. ट्रकला गल्लीत काही काम नसते. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली रेल्वे स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे फोफावला. त्यांनी रेल्वे आधी पाहिली आणि बाजार नंतर मांडला, हा क्रम पुढच्या नियोजनकारांनी काहीसा सैल केला. राजधानीसाठी वसवलेल्या नवा रायपूरमध्ये रस्ते, चौक आणि मंत्रालये आधी बांधली गेली. रहिवासी नंतर यायचे होते. त्यांच्या वाटेकडे शहर बराच काळ डोळे लावून होते.

सराफ्यासाठी पंडरीच्या कृषी मंडीच्या जागेवर जेम्स अँड ज्वेलरी पार्क उभारण्याची घोषणा झाली. कल्पनाचित्रात पार्कला काचेच्या भिंती होत्या आणि पार्किंग रिकामे होते. सराफा मात्र सदर बाजारातच बसून राहिला. त्याचे कारण पुढे येते.

चौथे साधन: सुशोभीकरण

सुशोभीकरण म्हणजे ज्या वस्तूला दुरुस्तीची गरज आहे तिच्यावर रोषणाई करणे. सदर बाजारापासून जवळच असलेल्या बुढा तालाबाला कारंजी, दिवे, बोटी आणि विवेकानंदांचा पुतळा यांचा लाभ झाला. पाण्यात येणारे सांडपाणी हा वेगळ्या विभागाचा विषय आहे. सायन्स कॉलेजच्या मैदानाजवळ चौपाटी उभारून खाद्यविक्रेत्यांना गाळे दिले गेले. सत्ता बदलल्यावर तीच चौपाटी शिक्षणाच्या वातावरणाला बाधक ठरली आणि २०२५ मध्ये तिथून हलवून आमानाक्याकडे नेली गेली. विक्रेत्यांनी दोन्ही निर्णयांत शहराचा विकास होताना पाहिला.

या प्रकारातले सर्वोच्च शिखर शास्त्री चौकावरचा स्कायवॉक होय. तो निगमाचा नव्हे, राज्याच्या बांधकाम विभागाचा आहे. पण शहरविकासाचा कोणताही परिचय त्याला वगळून पूर्ण होत नाही. २०१७ मध्ये काम सुरू झाले आणि २०१८ च्या अखेरीस सरकार बदलल्यावर थांबले. पाच वर्षे लोखंडी सांगाडा चौकाच्या डोक्यावर उभा होता. तो पाडावा की पुरा करावा यावर समित्या बसल्या, सूचना मागवल्या गेल्या. २०२३ च्या अखेरीस जुने सरकार परत आले आणि २०२५ मध्ये काम पुन्हा हाती घेण्यात आले. या काळात पादचारी खालून चालत राहिले. त्यांच्या पक्षनिष्ठेविषयी यावरून काही अनुमान काढता येत नाही.

पाचवे साधन: परवाना आणि दंड

नगरशासनाचे सर्वांत स्वस्त साधन कागद आहे. दुकानाचा ‘गुमास्ता’ परवाना पूर्वी निगमाकडून काढावा लागे. फेब्रुवारी २०२५ पासून राज्यात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला. तो आरंभी दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांपुरता होता आणि नोंदणी श्रम विभागाकडे गेली. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभाही मिळाली. रात्री तीन वाजता मंगळसूत्र घ्यायला येणारे गिऱ्हाईक पुरवण्याची तरतूद कायद्यात नाही.

गुमास्ता हातचा गेला तरी व्यापार परवान्याचे नवे नियम आले. त्यांत शुल्क दुकानाच्या चौरस फुटांवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता रुंद, तर दर चढा. या हिशेबाने अरुंद रस्ता ही सदर बाजाराला मिळालेली करसवलत आहे, आणि ती रुंदीकरण रखडलेले असेपर्यंत चालू राहील.

दंडाचे शास्त्र अधिक प्रगत आहे. राज्यात अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा २००२ पासून आहे. २०२२ च्या दुरुस्तीने पार्किंगसाठी न सोडलेल्या जागेबद्दलही पैसे भरून मोकळे होण्याची वाट करून दिली. इमारतीत चार गाड्यांची जागा हवी होती आणि ती नाही, तर चार गाड्यांचे पैसे भरावेत. पैसे तिजोरीत जमा होतात आणि गाड्या रस्त्यावर. मग रस्त्यावर गाड्या फार झाल्या म्हणून निगम बहुमजली वाहनतळ बांधते. जयस्तंभ चौकाजवळ असा वाहनतळ आहे. तिथून सदर बाजारापर्यंत चालत जावे लागते, आणि अंगावर दागिने घालून किंवा पिशवीत रोकड घेऊन चालण्याचा उत्साह गिऱ्हाइकांत कमी आढळतो.

सहावे साधन: अतिक्रमण हटाव

पायरीवर, ओट्याच्या कडेला किंवा जमिनीवर पथारी मांडून बसणाऱ्या माणसाला शहरविकासात विशेष स्थान आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, त्यांना प्रमाणपत्र मिळावे, आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश महिला असाव्यात. जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजनेत विक्रेत्याला विनातारण कर्जही मिळू लागले. आरंभीचा हप्ता १०,००० रुपयांचा होता. या दोन्ही गोष्टी अमलात आणणारी संस्था निगम आहे. अतिक्रमणविरोधी पथक पाठवणारी संस्थाही निगमच आहे. एक विभाग ठेल्यासाठी कर्जाची शिफारस करतो आणि दुसरा विभाग तो ठेला उचलून नेतो. कर्ज फेडण्याची जबाबदारी तेवढी विक्रेत्यावर एकट्यावर असते. त्यात कोणताही विभाग ढवळाढवळ करत नाही.

पेढीने रस्त्यावर काढलेली पायरी, तिच्यावरची जाळी आणि जाळीवरची पाटी हीही अतिक्रमणाच्या व्याख्येत बसतात. पण पायरी सिमेंटची असल्याने ती उचलून गाडीत टाकता येत नाही.

बाजार वाढण्याची कारणे

वरील सहाही साधनांचा उपयोग करून झाल्यावर सदर बाजार कशाने वाढला, हा प्रश्न उरतो.

पहिले कारण म्हणजे एकमेकांना खेटून बसणे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच दाखवून दिले की एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणी दाटीने राहिले की कसब, कच्चा माल आणि बातमी यांची देवाणघेवाण आपोआप होते. सदर बाजारात गिऱ्हाईक चार पेढ्यांत भाव विचारते, पेढीवाला शेजाऱ्याकडून नग मागवून घेतो, घडणावळ वरच्या खोलीत होते आणि तारण, उधारी, शब्द हे सगळे ओळखीवर चालते. ही ओळख काचेच्या पार्कमध्ये गाळ्याबरोबर अलॉट होत नाही. सराफा पंडरीला का गेला नाही, त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे कारण धान. छत्तीसगड सरकार शेतकऱ्याकडून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटल या हिशेबाने घेते. खरेदी हिवाळ्यात होते आणि त्यापाठोपाठ लग्नसराई येते. गावाकडचे कुटुंब सुता, ऐंठी, करधन, पैरी असे दागिने घ्यायला शहरात उतरते आणि सदर बाजारात शिरते. या बाजाराच्या तेजीमंदीला धानाच्या दराने जेवढा हात लावला आहे, तेवढा कोणत्याही नगरविकास आराखड्याने लावलेला नाही. बाकीचे दिल्लीत ठरते. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरील आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले. एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाच्या हॉलमार्कशिवाय सोन्याचा दागिना सहसा विकता येत नाही. यांतल्या एकाही निर्णयाची फाइल व्हाइट हाउसमध्ये गेली नव्हती.

तिसरे कारण संस्था. वकील वामनराव लाखे यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. शेतकऱ्याला सावकाराबाहेर कर्ज मिळावे, हा हेतू. आज त्यांच्या नावाचे लाखेनगर आहे. रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी १९४५ साली विणकरांचा सहकारी संघ काढला. या मंडळींनी कर्ज, सूत आणि विक्री यांची सोय लावली. त्यांच्याकडे थ्रीडी सादरीकरण नव्हते. त्यामुळे थेट कामालाच हात घालावा लागला असावा.

नगरशासनाला करता येण्याजोगे

बाजाराला नगरशासनाकडून जे हवे असते त्याची यादी लहान आहे. नाला पावसाळ्यापूर्वी साफ व्हावा. तारा जमिनीखाली जाव्यात. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका चार-पाच तास बाजारात असतात. त्यांच्यासाठी चालते, स्वच्छ आणि कडी लागणारे शौचालय असावे. माल उतरवण्याची वेळ ठरवावी आणि ती पाळली जावी. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांच्या जागा आखून द्याव्यात, म्हणजे पथकालाही इतर कामे करता येतील. कारागिरांच्या खोल्यांत गॅस आणि आम्ल वापरले जाते. तिथे अग्निशमनाची तपासणी व्हावी आणि धूर बाहेर जाण्याची सोय असावी. यांतली बहुतेक कामे बाराव्या अनुसूचीत आहेत: अग्निशमन सातव्या क्रमांकावर, दिवे, वाहनतळ आणि स्वच्छतागृहे सतराव्यावर. एकाचेही उद्घाटन दोनदा करता येत नाही, हा त्यांचा समान दोष आहे.

परदेशात यासाठी निराळी युक्ती आहे. टोरोंटोच्या ब्लूअर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी १९७० साली स्वतःवर जादा कर लावून घेतला. शहराने तो गोळा करायचा आणि त्याच रस्त्यावर खर्च करण्यासाठी दुकानदारांच्या मंडळाकडे परत द्यायचा, अशी अट होती. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. रायपुरात ती रुजवायला दोन गोष्टी लागतील: आपण भरलेले पैसे परत येतील असा व्यापाऱ्यांचा विश्वास, आणि ते परत द्यायचे असतात हे निगमाला पटणे.

त्याहून मूलभूत उपाय म्हणजे जीएसटीतला ठरावीक वाटा ज्या शहरात विक्री झाली त्या शहराला देणे. तसे झाले तर बाजारातली प्रत्येक पावती निगमाच्या कामाची ठरेल आणि गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत सुखरूप पोचवण्यात झोन कार्यालयालाही रस वाटू लागेल. मात्र हा वाटा केंद्राने आणि राज्याने आपापल्या हिश्शातून सोडायचा आहे. तोपर्यंत निगमाच्या अंदाजपत्रकात सदर बाजार दोनच ठिकाणी सापडेल: मालमत्ता कराच्या जमेत आणि सुशोभीकरणाच्या खर्चात.